निळ्यातलं तांबडं

प्रिय मार्गारेट,

आपल्या घरातलं प्रार्थनेचं आल्तार मी केलं, आपल्या टिफनीचा पाळणा मी केला, मागच्या पडवीचा कोबा मी घोटला. गावच्या चर्चमध्ये भिंतीलगत उभे आहेत ते सगळे संत माझे; कोरीवकाम माझं, रंगही माझा. शिकवायला कोणी नव्हतं. ब्रशसुद्धा मीच बांधले. मरियेच्या शालीला बाजारातला तयार निळा मी कधी लावला नाही. तो थंड असतो, लोखंडी कपाटासारखा. माझ्या निळ्यात चिमूटभर तांबडं पडतं, नजरेला ऊब लागेपर्यंत.

फोनवर तुझा आवाज दमलेला येतो. कुवेतच्या त्या म्हातारीला उचलून उचलून तुझी कंबर गेली, हे तू लपवतेस, टिफनी सांगते. इथे घर चालेल एवढं मिळू लागलं की त्याच आठवड्यात परत येते, हे तुझं बोलणं मी रोज मनात घोळवतो. होळीच्या बाजारातून मी टोमॅटो आणले, निम्मे हिरवे निघाले. टिफनी हसली, मीही हसलो. आता ती हसत नाही, पिशवी माझ्या हातातून काढून घेते.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात फादरांनी मोठ्या मरियेची शाल नव्याने रंगवायला सांगितली. मी निळा घोटला, तांबडं घातलं. ऊब येईना. आणखी घातलं. घालत राहिलो. काम झालं आणि रिवाजाप्रमाणे बाकीच्या पुतळ्यांसारखी तीही जांभळ्या कापडाखाली झाकली गेली. ईस्टरला कापडं निघाली. सगळे संत मोकळे झाले आणि तुझा भाऊ लेस्ली मागच्या बाकावरून म्हणाला, “भावजी, मरियेचा फडका काढायचा रायला का?” बाकांवर हसू पसरलं. मग ज्यांना माझ्या डोळ्यांचं कळलं ते माझ्याकडे बघायचं टाळू लागले, आणि ते मला जास्त लागलं. मला अजूनही ती शाल निळीच दिसते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बाकी मी स्वतः वाचून काढलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यात मधोमध शंकूसारख्या पेशी असतात, तीन जातींच्या: तांबडी, हिरवी, निळी. एकटीला रंग कळत नाही. आपल्याला किती उजेड लागला, एवढंच ती कळवते. पडद्यातल्याच दुसऱ्या पेशी तिघींचं सांगणं शेजारी शेजारी ठेवतात, तांबडीचं हिरवीशी ताडतात, निळीचं त्या दोघींशी, आणि फरकातून रंग उभा राहतो. मी रंगाच्या वाटीत करत आलो तेच. माझ्या तांबड्या पेशी आधी मरायला लागल्या, बाकीच्या त्यांच्या मागोमाग जाणार. औषध नाही. अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी तेवढ्या उरतील, त्यांना रंग माहीतच नसतो. म्हणून भर उन्हात मी आंधळा, आणि दिवेलागणीला पाचूबंदरच्या होड्या स्वच्छ दिसतात, पण सगळ्या राखेच्या.

परवा पेटीतून तुझं लग्नातलं लाल लुगडं काढून खिडकीशी धरलं. काळं होतं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण लेस्ली तुला एक गोष्ट सांगणारच आहे, ती त्याच्याआधी माझ्याकडून तुझ्यापर्यंत पोचावी म्हणून लिहितो. मनवेलपाड्याचा जोनाथन साच्यातून फायबरचे पुतळे काढतो. तो घरी आला होता. रंग त्याची माणसं फवाऱ्याने मारणार, मी ब्रश हातात धरायचा नाही, पुतळ्याच्या पाठीवर फक्त माझं नाव: फ्लॉईड, वसई. घेणाऱ्याला वाटावं, शाल मी रंगवली. तू तिथे वर्षभर राबून पाठवतेस त्याहून जास्त तो देत होता. तू परत आली असतीस. टिफनी दारात उभी राहून ऐकत होती. मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हटलं. वर्षाला चार लाख ऐंशी हजारांना.

तुझाच,
फ्लॉईड