धाकटीचे डोळे

मी, श्रीमती बेबी नीलकंठ देऊळकर, वय पंचावन्न, चौथी पास, राहणार रांझी, जबलपूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्यानं आधी स्वतःचं तपासून घ्यावं. सोमवारी पोटाचं ऑपरेशन आहे म्हणून हे मृत्युपत्र. कोणाचा दबाव नाही. तशी कोणाची हिंमतही नाही.

एक. घर आणि बँकेत जे असेल ते माझी मुलगी प्रणोती हिला.

दोन. शिलाई मशीन माझी जाऊ विनता हिला. जन्मभर माझ्या शिवणीला नावं ठेवली, आता स्वतः शिवून घालून दाखवावं.

तीन. सासूबाईंचे महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे, थोरली आणि धाकटी. भांडण इथंच आहे, नीट वाचा.

मागल्या भादव्यात साडी नेसवताना धाकटी हातातून निसटली, एका डोळ्याचा रंग उडाला. मी नागपूरच्या कारागिराकडे पाठवणार होते. पण माझे दीर अंबरीश भाऊजी फॅक्टरीत ट्रक रंगवायचे ना! म्हणाले, "वहिनी, रंगाचं मला नका सांगू." ट्रकचाच काळा रंग आणून दोन्ही डोळे काढले. आता एक डोळा नैवेद्याकडे, दुसरा दाराकडे. हळदीकुंकवाच्या बायका थोरलीलाच हात जोडून गेल्या.

मी म्हटलं, बिघडली. तर म्हणतात, "बिघडली काहून? खूबसूरती ज्याची त्याची पसंद असते जी. तुम्हाला नाही आवडली, मला आवडली. झालं बराबर."

अच्छा! मग स्वतःच्या मुलासाठी, वेदांगसाठी मुली पाहताना पार सिहोऱ्यापर्यंत पोहे खाऊन "नाक बरोबर नाही" म्हणून उठत होते, ते काय? पोरीच्या नाकात बरोबर-चूक असतं, देवीच्या डोळ्यात नसतं?

घराण्याच्या रीतीनं मुखवटे भाऊजींकडे जातात, मुलीला देत नाहीत. रीत मान्य, पण अट आहे. त्यांनी सगळ्यांसमोर म्हणावं, "डोळे मी बिघडवले," आणि नागपूरहून नीट करून आणावेत. मग जोडी त्यांची. म्हणवत नसेल तर त्यांना सगळे मुखवटे सारखेच. बाजारातून प्लास्टिकचे घ्यावेत. जोडी प्रणोतीला जाईल. जोडी तोडायची नाही. थोरली तेवढी उचलून नेली, तर धाकटी बिघडल्याचं त्यांनी कबूल केलं असंच धरावं.

या घरात आल्यापासून जे मागायचं ते मी धाकटीकडे मागितलं. ती पाहायची माझ्याकडे. ऑपरेशनचं ठरलं तेव्हा तिला पेटीतून काढून समोर बसले, तर ती दाराकडे पाहून राहिली. हे माझं मत नाही. ज्याला वाटतं त्यानं समोर बसून पाहावं.

म्हणून साक्षीदारांना तिच्यासमोर बसवूनच सह्या घेतल्या.

सही: बेबी नीलकंठ देऊळकर
रांझी, जबलपूर. ६ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. तुळशीराम बोकडे, शेजारी. सही करण्याआधी तिच्या नजरेसमोर यायला खुर्ची सरकवून घेतली.
२. वेदांग अंबरीश देऊळकर, पुतण्या. सही करताना म्हणाला, "काकू, पप्पांना सांगू नका, पर इसको तो नागपूर भेजनाही पड़ेगा." मी कशाला सांगू? इथं लिहून ठेवते फक्त.