खाकी दोऱ्याचे टाके आणि माझी मिळकत

मी, पोलीस चौकीसमोरची शिंपीण, वय त्र्याहत्तर, शिक्षण चौथी (तीही अर्धी), पूर्ण शुद्धीवर आणि कोणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवते. आज फार खूश आहे, त्यामुळे थोडं इकडचं तिकडचं येईल. वकीलबाई म्हणाल्या, चालेल.

१. दोन खोल्या आणि दुकान दोन्ही मुलांना निम्मं निम्मं.

२. शिलाई मशीन धाकट्या सुनेला. कात्रीही तिलाच, पण कागद कापलास तर वरून ओरडेन.

३. धाकट्याचा पांढरा शर्ट, कोर्टातून परत मिळेल तेव्हा, नातीला. माझ्या मिळकतीत हाच मोठा. सहा वर्षांपूर्वी धाकट्याला "जरा विचारायचंय" म्हणून चौकीत नेलं. तिसऱ्या दिवशी जामिनावर सुटला तो डावा कान बहिरा होऊन. इन्स्पेक्टर म्हणाला, "बोटसुद्धा लावलं नाही हो, आजी." मी शर्ट उलटा केला. खांद्यापासून फाटलेली बाही खाकी दोऱ्याने शिवलेली! मॅजिस्ट्रेटसमोर पोरगा नीट दिसावा म्हणून. आणि मॅजिस्ट्रेटसाहेब मान वर न करता, काही न विचारता "मारहाणीची तक्रार नाही" लिहून मोकळे.

कोर्टात त्यांचा वकील म्हणाला, "आजी, घरीच फाटला असेल, तुम्हीच शिवला असेल." म्हटलं, "दादा, मी शिवला असता तर तुम्हाला शिवण सापडली असती का?" जजबाईसुद्धा हसल्या. गेल्या आठवड्यात इन्स्पेक्टरला शिक्षा लागली!

४. इन्स्पेक्टरसाहेबांच्या हुकमावरून ते टाके घालणाऱ्या हवालदारीणबाईंनी शेवटी कोर्टात उभं राहून खरं सांगितलं. त्यांना माझं अंगुस्तान. बोटं जपा, बाई. आणि टाके सुधारा.

५. इन्स्पेक्टरने अपील केलंय. मॅजिस्ट्रेटवरची माझी तक्रार अजून वरच्या कोर्टात पडून आहे. थोरला म्हणतो, "आई, झालं ना मनासारखं? रोज त्यांच्याच दारासमोर बसायचंय. मिटवून टाक." बाळा, चौकीने आपल्याकडे गणवेश शिवायला देणं बंद केलं तेव्हाही आपण जेवलोच. म्हणून स्पष्ट लिहिते: जो तडजोडीच्या कागदावर सही करेल, त्याचा कलम १ मधला हिस्सा रद्द होऊन नातीला जाईल. रुसू नकोस. घाबरटपणा तुझ्या वडिलांचा, आणि त्यांच्यावरही माझा जीव होताच.

६. माझ्या पश्चात तारखांना नात जाईल. सगळी फाइल तिला तोंडपाठ आहे, माझ्यापेक्षा जास्त.

७. नेमकी तारखेच्या दिवशीच मी गेले, तर रडत बसू नका. मला पलंगावर नीट झोपवा, दाराला कुलूप लावा आणि सगळेच्या सगळे कोर्टात जा. मला कसली घाई? तारीख मात्र पुढे ढकलू देऊ नका.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, बरोबर आहे.

सही: शिंपीणबाई (अंगठा नव्हे, सहीच)

आमच्यादेखत सही केली:
१. शेजारचे घड्याळवाले
२. औषधाच्या दुकानातल्या ताई

ठिकाण: माझं दुकान, दार उघडं ठेवून
दिनांक: १२ मार्च, निकालानंतरचा नववा दिवस