उत्तर देणाऱ्याने दुरुस्त करायचं नसतं

११ एप्रिल, शनिवार

फळी आज ज्यूलने उचलली. पायाने ताल द्यायची माझी फळी. आहे लेओ-सानची, पण वर्षभर स्टेशनपासून वॉर्डाच्या सभागृहापर्यंत, कुमिन सेंटरपर्यंत, खांद्यावर मी वाहिलीय. सेंटरमध्ये बूट काढावे लागतात, मोज्यांनी ताल वाजत नाही, म्हणून फळी आणि पिशवीत वेगळे, फक्त फळीवर घालायचे कडक तळव्याचे बूट. खाली सतरंजी, कारण खालच्या खोलीत आज्यांचा फुलांचा वर्ग असतो. हे सगळं मी लावलेलं. आणि हा ढेरपोट्या दोन आठवड्यांपूर्वी आला आणि म्हणतो, “दे, मी घेतो.”

हारुका त्याच्याशेजारी बसली. मुद्दाम नसेल. जागा तिथेच होती. तरी.

लेओ-सान त्याला सगळं पहिल्यापासून सांगत होते. अमेरिकेच्या मेन राज्यातलं त्यांचं गाव, कापडगिरण्या, घरात सगळे फ्रेंच बोलणारे, आणि शाळेत फ्रेंच तोंडातून निघालं की हातावर पट्टी. ज्यूल, खुद्द फ्रान्सचा, तोंड उघडं टाकून ऐकत होता. “अमेरिकेत? खेड्यातली फ्रेंच गाणी?” हो रे बाबा. तिथल्या लोकसंगीताच्या फेस्टिव्हलला लेओ-सान दर ऑगस्टला जायचे. चाळीस वर्षं टोकियोत इंग्रजी शिकवलं, पण ऑगस्ट चुकला नाही. यंदा डॉक्टरांनी विमान बंद केलंय. म्हणून त्यांच्याऐवजी आम्ही दोघं. ह. (हारुका) गाणार, मी उत्तर देणार, म्हणजे तिची ओळ परत म्हणणार. २५ला व्हिडिओवर निवड.

दोघं. तिसऱ्याची जागा नाही. हे ज्यूलला कुणी सांगेल का.

१३ एप्रिल, सोमवार

बाबा ऑफिसातून आले ते हसतच. “अरे, तुझा तो गाणारा फ्रेंच आमच्याच टीममध्ये आहे की. ज्यूल-सान. काय हुशार पोरगा! दोन डिग्र्या.”

मी जेवत राहिलो.

“ओसाकाचं कॉलेज दीड वर्षात सोडलंस, ठीक. कोंबिनीच्या दुकानात काउंटरवर उभा राहतोस, तेही ठीक. आता दुसऱ्याने म्हटलेली ओळ परत म्हणायची, हे काय करिअर आहे का?”

आई : “अहो, जेवू द्या त्याला.”

ईरा जपानीत काहीतरी पुटपुटली. दहा वर्षांची आहे आणि मराठीत उत्तर देत नाही. विचारलं तर म्हणे, “दादा लाल झालाय, असं म्हटलं.”

ताट तसंच टाकून बाहेर पडलो. कालव्याकाठी दोन चकरा. ह.ला मेसेज लिहिला, खोडला. लिहिला, खोडला. शेवटी पाठवलं : ‘बुधवारी फळी मी आणतो.’ प्रेमपत्र! च्यायला.

१५ एप्रिल, बुधवार

भांडण झालं.

ज्यूलने पुस्तक आणलं. त्याच्या आजोळच्या भागातल्या गाण्यांचं. त्यात आमचं नावाड्याचं गाणं. नावाडी मीठ न्यायला येतो, मुलगी त्याच्यासोबत नदीपार जाते, ते. सहा कडवी सारखीच. सातवं वेगळं. पुस्तकात ती परत येते आणि लग्न होतं. लेओ-सानच्या आजीच्या सातव्यात ती घाटावर आईच्या हातात बूट देते आणि जाते, बस.

ज्यूल म्हणाला, मूळ हे असणार, तिकडे जाऊन बिघडलं असेल.

बिघडलं! ते कडवं मला कसं मिळालं हे त्याला काय माहीत. डिसेंबरमध्ये लेओ-सान हॉस्पिटलमध्ये होते, मी कोंबिनीतला बाइतो संपवून रोज जायचो. एक दिवस सफरचंद सोलता सोलता त्यांनी ते म्हटलं. एकदाच. फोनवर घेतलं मी. नंतर मीच ह.ला शिकवलं. तिच्या क्लिनिकच्या जेवणाच्या सुट्टीत, बाकावर बसून, सहा दिवस लागले. माझ्या आयुष्यातले सहा बरे दिवस.

म्हणालो, “गाणं काय दात आहे, बिघडायला?” ह. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, तिला वाटलं तिला टोमणा. मग जे बोललो ते बोललो. पुस्तकावर हात मारला, ते खाली पडलं. लेओ-साननी वाकून उचललं. त्यांनी. गुडघे दुखतात त्यांचे.

मी निघून आलो.

१८ एप्रिल, शनिवार

गेलो नाही. बोलवू देत.

२२ एप्रिल, बुधवार

नाही गेलो. ह.चा मेसेज : ‘आज ये. बोलायचं आहे, गाण्याबद्दल.’

गाण्याबद्दल. माझ्याबद्दल नाही. उत्तर दिलं, ‘गाणं मला येतं.’

त्यावर काही आलं नाही. साडेसातला कोंबिनीसमोरून तिघं स्टेशनकडे गेले. फळी ज्यूलच्या खांद्यावर. मी आत शेल्फवर ओनिगिरी, भाताच्या गोळ्यांची पाकिटं, लावत होतो, दोनदा उलटी लावली. मॅनेजर : “तन्मय-सान, पाकिटावरची तारीख पुढे.” हो, पुढे. सगळं पुढे.

२५ एप्रिल, शनिवार

हात अजून गरम आहेत. लिहूनच झोपतो.

सकाळी नऊला निवड, तिकडे शुक्रवारची संध्याकाळ. मी पावणेनऊला सरळ गेलो. ह. पांढऱ्या शर्टात, केस वर बांधलेले. म्हणाली, “आलास.” आणखी काही सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्क्रीनवर तिघं आले. दोन बायका, एक दाढीवाला. पहिल्या रांगेत बसल्यासारखे, हातात कॉफी.

सुरू केलं. पाय जुळले. दहा दिवस न जाता जुळले! पहिलं, दुसरं, तिसरं. ती ओळ टाकते, मी परत देतो. दाढीवाला मान हलवायला लागला. सहावं झालं आणि ह.ने सातव्याला लग्नाची ओळ घेतली. पुस्तकातली. ज्यूलची.

ज्यूल कोपऱ्यात बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. आणि मी आमची ओळ म्हटली. बुटांची. मोठ्याने.

ह. थांबली. तिचा पाय एकदा आपटला, एकटाच, मग तोही थांबला. स्क्रीनवरच्या बाईने चष्मा काढला. “थँक यू,” म्हणाली.

कॅमेरा बंद झाल्यावर लेओ-सान जपानीत बोलले, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून. “पहिल्या दिवशी मी तुला काय सांगितलं होतं?”

मला पाठ आहे. पुढे गाणारा अंधारात दिवा घेऊन चालतो. तो म्हणेल ती ओळ परत द्यायची, चुकली तर चुकलेली. उत्तर देणाऱ्याने दुरुस्त करायचं नसतं.

“तिने चुकीची ओळ म्हटली!” मी ओरडलो. हो, त्यांच्यावर.

“म्हटली असेल. तू तिला नदीच्या मध्ये सोडलंस.”

ह. बूट काढत होती. नाडीची गाठ सुटेना, तर तशीच टाच ओढून काढली.

२६ एप्रिल, रविवार

चूक माझी कशी? पुस्तकवाल्याचं कडवं घेतलं कोणी? मला न सांगता? चूक तिची. चूक त्याची. वर्षभर मी त्या म्हाताऱ्याची

नाही लिहीत.

२८ एप्रिल, मंगळवार

लेओ-सान कोंबिनीत आले. नेहमीचा पाव घेतला. पहिल्यांदा भेटलो तेव्हाही हाच पाव, आणि काउंटरवर बोटांनी ताल देत उभे होते. मी स्कॅनर खाली ठेवून तोच ताल परत दिला होता. तिथून सगळं.

आज ताल नाही. म्हणाले, “तुझी सुट्टी किती वाजता?” मागच्या दाराशी, पुठ्ठ्यांच्या ढिगाजवळ उभे राहिलो.

कडवं त्यांनीच काढायला लावलं होतं. बुधवारी. २२ला. मी ओनिगिरी उलट्या लावत होतो तेव्हा.

त्यांच्या आजीची एक मुलगी घर सोडून गेली, परत आली नाही. ते कडवं आजीने तिच्यासाठी जोडलं. घरात म्हणायची, स्वयंपाकघरात, आणि कुणी वारलं तर. बाहेर कधीच नाही. लेओ-सानची धाकटी बहीण अजून त्या गावात आहे. फेस्टिव्हलला पहिल्या रांगेत बसते. “तिच्यासमोर स्टेजवरून ते म्हटलं तर ती उठून जाईल.”

“मग मला का शिकवलंत?”

त्यांनी ढिगातला एक पुठ्ठा सरळ केला. “वाटलं, मी आता मरतोय. तुझं त्या गावात कोणी नाही. तुझ्याजवळ राहिलं असतं. मी ते ठेवायला दिलं होतं, तन्मय. गायला नव्हतं दिलं.”

“मग हे सांगायचं ना!”

“उशीर केला मी. पण बुधवारी सांगायलाच बोलावलं होतं. हारुकाने मेसेज केला ना?”

गाणं मला येतं. असं लिहिलं होतं मी. गाणं मला येतं.

एक पुठ्ठा लाथेने फोडला. लेओ-सान म्हणाले, तो आता वेगळा बांधावा लागेल, उद्या कागदाची रद्दी न्यायचा वार. आणि पाव घेऊन गेले.

८ मे, शुक्रवार

ह. फोन उचलत नाही. म्हणून तिच्या क्लिनिकमध्ये दात साफ करून घ्यायची वेळ घेतली. हसू नकोस, तन्मय.

ती मास्कमध्ये. शेजारी एक नवी मुलगी, ह. तिला नोंदी करायला शिकवत होती. ऑगस्टच्या सुट्टीसाठी असेल.

“काही दुखतंय का?” परक्या माणसाला विचारावं तसं.

“हो.”

“कुठे?”

नवी मुलगी पेन धरून बघत होती. म्हणालो, “मागची दाढ.” लिहिलं तिने. मग आत पंधरा मिनिटं तोंडात नळी घालून पडलो. बोलायला आलो होतो!

बाहेर आल्यावर मास्कच्या वरचे डोळे हसल्यासारखे वाटले. म्हणाली, “दाढेला काही झालेलं नाही.”

“माफ कर.”

“दाढेबद्दल?”

“नाही.”

“पुढचे पेशंट आलेत.” खरंच आले होते.

१० मे, रविवार

अमेरिकेतून मेल. लेओ-सानने सगळ्यांना पाठवली. त्यांना पुन्हा ऐकायचंय. एक रेकॉर्डिंग, न तोडता, तीच जोडी. म्हणजे ह. आणि मी. नाहीतर यंदा जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू.

मी ज्यूलला फोन केला. मी! म्हटलं, मी नाव मागे घेतो, कळवतो त्यांना, तू उत्तर दे, तुझी तर भाषा आहे.

म्हणाला, “नाही जमणार. लेओ-सानने माझ्याकडून करून बघितलं. ती चुकली की मी लगेच सुधारतो. भाषा माझी आहे ना, तोंड थांबत नाही.” आणि हसला. “तू एकदाच सुधारलंस. मी दर ओळीला.”

चांगला माणूस निघाला. याचाच जास्त राग येतो.

बाबांना सांगितलं, रेकॉर्डिंग झालं आणि निवड झाली तर ऑगस्टमध्ये अमेरिका. म्हणाले, “आणि नाही झाली तर?” मी ताटं उचलली. बाबांनी रिमोट शोधला. मग म्हणाले, “ज्यूल-सान म्हणत होता, तुझा पाय घड्याळासारखा आहे.” आणि टीव्ही लावला.

१३ मे, बुधवार

ह.चा मेसेज, एकच ओळ : ‘शनिवारी दहा. मी म्हणेन ते म्हणायचं.’

चाळीस वेळा वाचली. हो लिहून पाठवलं. फक्त हो.

१६ मे, शनिवार

फळी मी नेली. ज्यूल आलाच नाही, मुद्दाम. कुमिन सेंटरची वरची खोली, खाली आज्या, सतरंजी, दोन खुर्च्या. लेओ-सान रेकॉर्डर घेऊन खिडकीशी.

ह. म्हणाली, “आधी एकदा नुसतं. बंद ठेवा.” त्यांनी बटणावरचं बोट काढलं.

बूट घातले. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसलो, बसावंच लागतं, फळी तेवढीच आहे. पहिलं कडवं. दुसरं. तिसऱ्याला तिने मिठाऐवजी साखर म्हटली. साखर दिली. चौथ्यात नावाडी दोनदा बुडवला. मीही बुडवला. लेओ-सान खिडकीकडे तोंड करून हसत होते, पाठ हलत होती. मला वाटलं, सुटलो. माफी झाली.

सहावं सरळ. मग सातवं.

सातव्याला तिने ना पुस्तकातली ओळ घेतली, ना आजीची. जपानीत म्हणाली. चालीवर बरोबर बसवून. बसवून आणली होती घरून.

‘ऑगस्टनंतर मी परत येणार नाही.’

आणि पाय चालू, आणि माझी पाळी.

लेओ-सानची पाठ हलायची थांबली. म्हणजे त्यांना माहीत होतं. क्लिनिकमधली नवी मुलगी. मेनमधल्या लेओ-सानच्या बहिणीच्या घराचे फोटो, जे ह. मार्चमध्ये इतकी बघत होती, खोली किती मोठी, हिवाळ्यात किती बर्फ. सगळं एका तालात डोक्यात आलं. राग असा वर आला की खुर्ची उचलून खिडकीतून टाकावी. खालच्या आज्यांसकट. मला न सांगता! परत मला न सांगता! आणि खोटं असेल तर? मी दुरुस्त करतो का, हे बघायला म्हणाली असेल तर? विचारायचं होतं. नाही म्हणायचं होतं. राहा म्हणायचं होतं, वर्षभर म्हणायचं होतं.

ती माझ्याकडे बघत होती. २५ एप्रिलला एकटाच आपटलेला तो पाय, तोच, माझ्या पायाशेजारी.

दिली ओळ. तिच्या शब्दांत, तिच्या सुरात, जशीच्या तशी. आवाज कुठेतरी मध्ये फाटला, पण ओळ पुरी दिली.

दोघांचे पाय एकदम थांबले.

ह.ने बुटाची नाडी सोडून परत बांधली. खूप वेळ लावला. मग लेओ-सानना म्हणाली, “आता चालू करा.”

रेकॉर्डिंग एकदाच केलं. लग्नाची ओळ, पुस्तकातली. चांगलं झालं. दुपारीच पाठवलं.

स्टेशनपर्यंत तिघं आलो. लेओ-सान बसने गेले. फलाटावर मी फळी आमच्या दोघांमध्ये उभी धरली होती. तिची गाडी आधी आली.

“बुधवारी?” मी विचारलं.

“बुधवारी,” ती म्हणाली.

दार लागलं. ऑगस्टचं ना तिने काढलं, ना मी.

फळी फ्रिजच्या मागे ठेवलीय. मघाशी ईराने ती बाहेर ओढून तिच्यावर एक पाय ठेवून आपटून पाहिला. आई म्हणाली, खालच्यांचा फोन येईल. मी म्हटलं, येऊ दे.