लाल का हिरवं

पूर्णा,
ता. २५ जून १९९३

चि. दत्ता यास,

अ. उ. आ. आशीर्वाद हायतच, पण पडदा काळापांढरा घ्यायचं तू कुणाला इचारून ठरवलंस? कंप्युटर जुळवायचं ठरलं तवा डबा जुना चालंल म्हणले, बटनाची पाटी वापरलेली चालंल म्हणले, मेज घरचंच देते म्हणले. एकच सांगितलं होतं, पडदा रंगीत पायजे. नेमकं तेच तू कापलंस. शिंप्यानं बाह्या ठिवाव्यात अन् गळा शिवून टाकावा, तशी तुझी काटकसर.

तुझ्या दाजीचं तुला किती येळा लिवू. रेल्वेच्या शेडमधून वाफेची इंजिनं गेली, त्यांच्यामागून ती चालवणारे हे बी रिटायर झाले. जानेवारीपासून ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघायलेत. जेवा म्हणलं तर जेवतात, झोपा म्हणलं तर झोपतात. भांडत सुदिक न्हाईत. तीस वर्षं ज्याच्याशी भांडले तोच गप बसला तर मी दिवस कसा काढू?

तुझ्याकडं आलतो तवा रविवारी तू त्यांना हापिसात नेऊन मोटारींच्या शर्यतीची ती गेम दावलीस. सगळ्या मोटारी पुढं, ह्यांची शेवटाला आली. अन् हे घरी येऊन सांगायलेत, गाडी सुखरूप आली, कुठं धक्का लागला न्हाई. त्या दिवशी भाजी दोनदा मागून घेतली, अन् मीठ कमी म्हणून माझ्यावर वरडले. डॉक्टरच्या गोळ्यांनी एवढं झालं न्हाई. ती गेम मला घरात पायजे, हापिसात होती तशीच.

भावजयीला, लीलाला, आशीर्वाद. लोभ तुझ्यापाशी हायच, जोडीला थोडी अक्कल असू दे.

तुझी आक्का
धुरपताबाई


सिकंदराबाद,
ता. ४ जुलै १९९३

ती. सौ. आक्कास,

सा. न. वि. वि. नमस्कार खरोखरच साष्टांग आहे, तुझं पत्र वाचून उभं राहायची सोय उरली नाही. लीलाने ते दोनदा मोठ्याने वाचलं. शिंपी तिला फार आवडला.

आक्का, बाकीच्या सगळ्या सामानाला मिळून जेवढं पडतं, तेवढं एकट्या रंगीत पडद्याला पडतं. तुझ्या रकमेत एक तर कंप्युटर बसत होता, नाही तर नुसता पडदा. नुसत्या पडद्यावर दाजींनी काय चालवावं? म्हणून मदरबोर्ड ओळखीच्या दुकानातून जुना घेतला, डिस्क लहान घेतली, गेम मावेल एवढी जागा पाहिली. मोटार काळ्यापांढऱ्यातही तेवढीच पळते. मी स्वतः चालवली आणि पहिला आलो.

सगळं सामान आश्रुबा गार्डांबरोबर पाठवतोय. मला रजा नाही, तेव्हा कुठली तार कुठे बसवायची ते कागदावर काढून दिलंय. आख्खं इंजिन खोलून जोडणाऱ्या माणसाला हे जमेल. फक्त त्यांना तेल घालू देऊ नकोस.

रंगाचं मनावर घेऊ नये. शेवटी खेळच आहे.

तुझा लोभ पत्राच्या आवाजावरून कळला. तो असाच राहावा, आवाज जरा कमी व्हावा.

तुझा
दत्ता


पूर्णा,
ता. २४ जुलै १९९३

चि. दत्ता यास,

अ. उ. आ. पाकिटात राखी हाय. आधी ती काढून ठिव, मग पुढचं वाच.

सामान पोचलं. आश्रुबानं पडदा मांडीवर धरून आणला, म्हणला लेकीला सासरी पोचवल्यावानी आणलाय. तुझ्या दाजीनं हात धुतले, चाळशी लावली, तुझा कागद भिंतीला चिकटवला अन् एक एक तार बसवत गेले. मी पेचकस उचलायला गेले तर वरडले, हात लावू नको म्हणून. दत्ता, किती दिसांनी वरडले. मी आत जाऊन शिरा केला. डब्यातल्या पंख्याला थेंबभर तेल घातलंच त्यांनी. फिरायलाय, त्याची काळजी नको.

मग खाकी कोट घालून बसले. गेम सुरू झाली. मोटारी रांगंत, वर दिवा. लाल असतो, हिरवा झाला की सुटायचं, तुला ठाव हाय. तुझ्या पडद्यावर तो राखाडी होता. मग दुसऱ्या तऱ्हेचा राखाडी झाला. बाकीच्या मोटारी गेल्या. ह्यांची जाग्यावर. मी म्हणले, जाऊ द्या की, हिरवा झाला. तर म्हणले, सिग्नल उमगला न्हाई तर लालच धरायचा, सारी नोकरी ह्याच्यावर केली, आता तुझ्या भावासाठी नियम मोडू का? शेजारची कावेरी बी सांगून गेली. तिला म्हणले, तुला गाडी चालवता येते का?

तवापासून रोज सकाळी कोट घालतात, बसतात, मोटार हातभर हलत न्हाई. दुपारी कोट काढून पुन्हा ओट्यावर. काल मी भाजीत मीठ घातलंच न्हाई, मुद्दाम. गप खाल्ली.

तू म्हणतोस खेळच हाय. एकदा इथं येऊन त्यांना सांगून बघ.

माझ्या पाटल्या डब्यात बसून काय करायल्यात? त्या बी रिटायरच हायत. त्या मोडून रंगीत पडदा घे अन् तू स्वतः घिऊन ये. राखीची ओवाळणी तीच, नाहक लुगडंबिगडं आणू नको. पाटल्या आश्रुबाच्या हाती देऊ का, एवढाच जबाब पायजे.

लोभ काळापांढरा असला तरी चालवून घेईन, पडदा घेणार न्हाई.

राखीपुनव दोन ऑगस्टला, सोमवारी हाय. त्या दिवशी तुझा जबाब माझ्या हातात पायजे. तोवर मोटार उभी हाय.

तुझी आक्का
धुरपताबाई