रेडिओचं बटण

सिस्टर, रेडिओ तुम्ही तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून वर्गात आणायचात. टेबलावर ठेवून झग्याच्या बाहीने त्याची काच पुसायचात, आणि शाळांसाठीचा गणिताचा पाठ सुरू झाला की आमच्याच बाकावर येऊन हाताची घडी घालून बसायचात. आमच्या रत्नागिरीच्या शाळेत तेव्हा पंखासुद्धा फक्त ऑफिसात होता. त्या न दिसणाऱ्या मास्तरांचं तुम्हाला आमच्याहून जास्त अप्रूप. एके दिवशी ते अपूर्णांक शिकवत होते आणि मी हात वर केला. मास्तर बोलतच राहिले. मुली फिदीफिदी हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, तो मुंबईत बसलाय, त्याला तुझा हात दिसतोय होय? तुम्ही उठलात आणि बटण फिरवून आवाज अगदी बारीक केलात. वर्गात इंग्रजीच बोलायचं हा तुमचाच नियम, मराठी शब्द निघाला की मैदानाला फेरी. पण त्या दिवशी तुम्ही मराठीत म्हणालात, "तो थांबणार नाही गं. मी थांबले. विचार."

आज शुक्रवार, इथल्या सुट्टीचा दिवस, आणि मला मस्कतच्या रुवी भागातल्या या दोन खोल्यांत बसवत नाही. उठते, एसी कमी करते, पुन्हा वाढवते. मार्चमध्ये मी निवृत्त होते आहे आणि माझ्या जागी कुणी येणार नाही. सहावीच्या दोन्ही तुकड्या हॉलमध्ये एकत्र बसतील. समोर भिंतीएवढा स्क्रीन असेल आणि त्यावर मी, रेकॉर्ड केलेली. गेले काही आठवडे शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात कॅमेऱ्यापुढे अपूर्णांक शिकवते आहे. वाईट नाही हं ते. स्क्रीनवरच्या पोळीचे तुकडे बोटाने ओढून वेगळे करता येतात, खडूने मला ते कधी जमलं नाही. आजारी मूल घरी बसून पाठ बघू शकतं. तुम्ही असतात तर काच पुसायला सगळ्यांत आधी धावला असतात.

पण मी मध्येच गप्प होते. "समजलं का?" म्हणते आणि सवयीने थांबते. रेकॉर्डिंगचं काम बघणाऱ्या आयटीच्या मॅडम पुण्याच्या, माझ्या सुनेच्या वयाच्या, कामाला चोख. त्या म्हणाल्या, हा गॅप कापते, मुलं कंटाळून पुढे ढकलतील. मी म्हटलं, तो मुलांना विचार करायला ठेवलाय.

"त्यासाठी पॉज बटण आहे ना, मॅडम."

त्यांचं काही चूक नव्हतं.

उत्तर दिलं दुसऱ्या बाकावरच्या मुलीने. ती मूळची खेडकडची, वडील एसी दुरुस्तीच्या कामावर. घरी गावची बोली, शाळेत इंग्रजी, त्यामुळे प्रश्न तिच्या ओठावर येईपर्यंत बाकीच्यांनी पान उलटलेलं असतं. पण तिने विचारलं की कळतं, निम्म्या वर्गाला तेच अडलं होतं. तिला एक पाठ दाखवला आणि कसा वाटला विचारलं. "टीचर, पॉज केला ना, तर तुमचं तोंड ओपनच राहतं," म्हणाली आणि हसत सुटली. मीही हसले. मग ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मग मी क्वेश्चन कोणाला विचारू?"

त्यानंतरचे पाठ मी तिला कॅमेऱ्यामागे बसवून केले. तिच्या कपाळाला आठी पडली की थांबायचं, मागे जायचं, पुन्हा सांगायचं. पाठ लांबले. एका पाठात तर तिचा आवाजही आला आहे. प्रिन्सिपल सरांनी बघितलं, छान म्हणाले, आणि ते सगळं कापायला सांगितलं. कापलं गेलं. मग मी आयटीच्या मॅडमना जिन्यात गाठलं आणि म्हटलं, निदान हॉलचा रिमोट त्या मुलीच्या हातात द्या, तिला अडलं की ती थांबवेल, आणि वर्गावर जे कुणी असेल त्यांनी तिला विचारू द्यावं. "सगळीच मुलं रिमोट मागतील, मॅडम." मागू देत, म्हटलं. त्या दोन पायऱ्या उतरल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "बघते. इन्शाल्ला." मस्कतमध्ये इतकी वर्षं काढल्यावर कुठल्या इन्शाल्लात हो असतो आणि कुठल्यात नाही, ते मला कळतं. या वेळी कळलं नाही. म्हणून ही सकाळपासूनची येरझार.

तुमचा रेडिओ भंगारात निघाला तेव्हा तुम्ही त्याचं बटण काढून माझ्या हातावर ठेवलंत. अजून ते माझ्या शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली असतं. आत्ता बाहेर काढून टेबलावर ठेवलं आहे.

तर असं करायचं. कापलेले पाठ शाळेला, ते दिलेच आहेत. न कापलेले त्या मुलीला, पेनड्राइव्हवर, तिच्या वडिलांच्या हाती. फळ्यावरचा माझा लाकडी कंपास स्टाफरूमच्या कपाटात राहू दे. हे बटण आयटीच्या मॅडमना. ते कशाचं आहे हे सांगायला रविवारी मी स्वतः जाईन, चिठ्ठी नको. हे पत्र कुणालाच नाही, कारण ते वाचायला तुम्ही आता नाही. त्या दिवशी मी तुम्हाला काय विचारलं ते मला आठवत नाही, सिस्टर. खूप आठवून पाहिलं. तुम्ही थांबलात तेवढंच आठवतं.

आणि रिमोट दुसऱ्या बाकावर.