साडेसातशे मीटरची फेरी

८ ऑक्टोबर १९९५
पळाले! म्हणजे मदर डेअरीच्या दूध-बूथपासून पाण्याच्या टाकीपर्यंतच. पुढे चालले. पण सात महिन्यांनी पळाले!
आठ वर्षं केंद्र सरकारातल्या आमच्या मंत्रालयाच्या टीममधून तीन हजार मीटर पळणारी बाई मी, आणि गुडघा गेला कसा — तर ऑफिसची चार्टर्ड बस पकडताना. हसणाऱ्यांनी हसून घेतलं. मीही.

९ ऑक्टोबर
सूज नाही. देव पावला.

१५ ऑक्टोबर
निवड चाचणी २५ नोव्हेंबरला. तीन हजार मीटर, सोळा मिनिटांच्या आत. टीमचं बघणारे खन्नासाहेब फारच कनवाळू — "मॅडम, इस साल कैरम में नाम दे दीजिए." कॅरम! मी मनाशी ठरवलंय, या वेळी जमलं नाही तर बूट कुणाला तरी देऊन टाकायचे. चाळिशीला आले, दरवर्षी आस लावून बसायला नको.
पण सराव करायचा कुठे? इथे राजधानीबाहेरच्या या नव्या वसाहतीत, वैशालीत, घरं आधी आली, रस्ते मागून येताहेत. शेवटी सासरे पुढे झाले. भाऊसाहेब सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, जन्मभर ठेकेदारांची कामं मोजली. तीस मीटरची फीत काढली, दुसरं टोक माझ्या लेकीला, इशिताला धरायला लावलं आणि सेक्टरभोवतीची फेरी मोजून जाहीर केलं — साडेसातशे मीटर. चार फेऱ्या म्हणजे तीन हजार. त्यांच्या मापावर घरात शंका घ्यायची पद्धत नाही.

२१ ऑक्टोबर
एकवीस मिनिटं. भाऊसाहेब गेटपाशी खुर्ची टाकून घड्याळ धरतात. वेळ सांगतात आणि पेपर उघडतात. बस्स.

४ नोव्हेंबर
दिवाळीच्या चकल्या मानवल्या की काय! १८ मिनिटं ४० सेकंद. अंशुमन नवऱ्याच्या काळजीने म्हणाला, तू दोनच फेऱ्या कर ना, कशाला जिवाला त्रास. इशिता पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. शेजारीपाजारी, ऑफिस, बसचा ड्रायव्हर — जो तो गुडघा विचारतो. भाऊसाहेबांनी मात्र सात महिन्यांत एकदाही विचारलेलं नाही. दुखतं ते मला, खरं आहे. पण एकदा विचारलं तर काय बिघडतं?

१२ नोव्हेंबर
१७.२५. जीव तोडून पळाले.

१९ नोव्हेंबर
बरोबर सतरा. याच्या खाली येतच नाही. एक मिनिट कुठून आणू? जिन्यात बसून रडले, मग भाजी चिरायला गेले. अंशुमनला सांगून टाकलं, चाचणीला जात नाही, लोकांसमोर शोभा कशाला. भाऊसाहेब आत पेपर वाचत होते. तिथूनच म्हणाले, "नाव दिलंय ना? मग जाऊन ये." दयामाया कशी ती नाही! मनात फार बोलले त्यांना. ते इथे लिहीत नाही.

२५ नोव्हेंबर
पंधरा मिनिटं आठ सेकंद!!
खन्नासाहेबांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. मी दुसरी आले. टीममध्ये आहे! मला तर वाटतं स्टेडियमचा ट्रॅकच आखूड असणार. अंशुमन म्हणे, "अगं, ट्रॅक जगभर चारशेचाच असतो." मग झालं काय? असो. आज श्रीखंड.

२६ नोव्हेंबर
सकाळी इशिता गुणाकार करत बसली होती. मध्येच म्हणाली, "आई, आजोबांची फीत तर ट्वेंटी-एट वेळा लागली होती. मीच तर पकडली होती."
अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी. आठशे चाळीस मीटर! दीड महिना मी रोज साडेतीनशेच्या वर फुकट पळत होते.
तशीच बाल्कनीत गेले. राग आला होता, खरंच. भाऊसाहेबांनी पेपर खाली घेतला नाही. म्हणाले, "जो तो तुझा पाय बघून तुला सूट देत होता. म्हटलं, आपण तरी देऊ नये."
खाली वाकून नमस्कार केला.
"गुडघा जपून," ते म्हणाले.