जित्या हातची लोकर

ज्या गावात प्यायचे पाणी टँकरने येते, त्या गावात लोकरीची टोपरी विणणाऱ्या बायकांनी गावाला नेमके काय दिले?

हा प्रश्न मला माझे चुलते गुरुपादप्पा यांनी त्यांच्या किराणा दुकानात, भरल्या गिऱ्हाइकांत विचारला. त्यांचे शब्द असे होते : "शिकलेली हाईस न्हवं? मग सांग, टोपऱ्यानं घागर भरती का?" गिऱ्हाइके हसली. टोपऱ्याने घागर भरत नाही. ते आधी कबूल करून पुढचे लिहिते.

मी, महानंदा वीरण्णा येरटे, वय सव्वीस, शिक्षण बी. ए., शाळेत तात्पुरती शिक्षिका, राहणार शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर, माझ्या राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. यापूर्वी असे काही लिहिलेले नाही. लहानपणी माझे सांधे धरले होते, त्या दुखण्याने हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. येत्या आठवड्यात हैदराबादला शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी दोन्ही शक्यता सांगितल्या. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, त्यातली एकच ऐकली. दुसरीसाठी हा कागद.

१. माझी लेडीज सायकल, सर्व पुस्तके आणि पोस्टातली शिल्लक धाकटी बहीण सिंधु हिला द्यावी. शिल्लक तिच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी आहे. ती लग्नात मांडवाला किंवा मानपानाला वापरू नये. सायकलची चेन सारखी पडते, पण सिंधुने तिला शिव्या देऊ नयेत, थोडे तेल द्यावे.

२. सोन्याची कर्णफुले माझी आई गुरम्मा हिला. आई, ती जपून ठेवू नकोस, कानात घाल. "मला कुठं जायचंय" असे म्हणू नकोस. चक्कीवर जातेस तेव्हा घाल.

३. माझी पदवी कोणाला देता येत नाही. आण्णांनी तिला काचेची चौकट करून बैठकीत लावली आहे. नवा जिल्हा झाला तेव्हा ते म्हणाले होते, "पोरी, कचेरी जवळ आली, म्हंजी तुझी नोकरीबी जवळ आली." कचेरी आली, नोकरी आली नाही आणि गेल्या पावसाळ्यात पाऊसही आला नाही. माझा कोणावर राग नाही. चौकट आहे तिथे राहू द्यावी. हार घालायचाच झाला तर माझ्या फोटोला घालावा, पदवीला घालू नये.

४. आता विणकाम मंडळ. हे कलम लांबेल. मला खरी काळजी याच एका गोष्टीची आहे.

वसतिगृहात मी क्रोशाची सुई धरायला शिकले. गावी आल्यावर शेजारच्या बायकांना शिकवले. काकांनी दुकानामागची खोली बसायला दिली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, आणि हे वाक्य मी मनापासून लिहिले आहे. या दुष्काळात गावाबाहेर रोजगार हमीचे खडी फोडायचे काम निघाले. बाया ओल्या बाळंतिणी असताना कामावर येतात, लेकरू पाटीत निजवतात. सकाळी माळावर बोचरा वारा असतो. म्हणून दिवाळीनंतर आम्ही कोऱ्या पांढऱ्या लोकरीची टोपरी विणली आणि मोठ्या हौसेने नेऊन वाटली.

दुसऱ्या सकाळी जाऊन पाहिले तर एकाही बाळाच्या डोक्यावर टोपरे नव्हते. टोपरी पदराच्या गाठीत होती. एक बाळंतीण म्हणाली, "बाई, बारशाच्या आधी कोरं घालत्यात व्हय अंगावर? नजर लागंल की." ही रीत आमच्या घरातही आहे. आम्ही सगळ्यांनी आपली लेकरे जुनेऱ्यात गुंडाळून वाढवली किंवा वाढताना पाहिली, आणि परोपकार करायला निघालो तेव्हा तेच विसरलो.

परतल्यावर माझ्या चुलती जगदेवी काकू फणकाऱ्याने म्हणाल्या, "नवं नगं तर फाटकं द्या मनावं त्यास्नी!" सगळ्या हसल्या. मी मात्र त्याच संध्याकाळी घरोघरी जाऊन जुने स्वेटर, मफलर मागू लागले. आम्ही ते उसवले, लोकर धुतली, पुन्हा विणली. ती टोपरी बायांनी लगेच घातली. या युक्तीचे श्रेय काकूंचे आहे. त्या ते घेत नाहीत.

पण जुनेरेही कुठलेही चालत नाही. ज्या घरची लेकरे जगली त्या घरचे हवे असते. खडीवर काम करणारी पारूबाई गावाबाहेरच्या वस्तीत राहते. तिची सगळी लेकरे जगली, वाढली. बाया म्हणू लागल्या, "पारूमायच्या घरचं कायतरी घाला त्यात." पारूबाईने नवऱ्याचा जुना तपकिरी मफलर आणून दिला आणि स्वतःही विणायला बसू लागली. प्रत्येक टोपऱ्याचा काठाचा एक फेरा त्या मफलरचा, असे ठरले. ती विणता विणता म्हणायची, "मालकाच्या टकलाला गार लागायलंय, पर त्याला म्हणलं, तुझं डोस्कं पुन्हा उगवत न्हाई, ही लेकरं उगवायलीत!"

काकांची सून बाळंत झाली तेव्हा जगदेवी काकूंनी स्वतः टोपरे मागून नेले. नातवाने ते घातले. मग कोणीतरी काकांना विचारले, की काठाची तपकिरी लोकर कुठल्या घरची? टोपरे काढले गेले. काका मला म्हणाले, "पारूबाईनं पायरीवर बसावं. तिची लोकर येगळी ठिवा. न्हाईतर खोलीला कुलूप."

मी म्हणाले, "काका, आपल्यात शिवाशिव नाही असं तुम्ही दर सोमवारी मठात ऐकता."

"मठातलं मठात. इथं दुकान हाय."

"आणि बाळाला सर्दी झाली तर?"

"तू बी. ए. हाईस, डागतर न्हाईस."

पारूबाई त्या दिवशी पायरीवरही बसली नाही. सरळ घरी गेली. टोपरी विणणे थांबले. माळावरचा वारा थांबला नाही.

माझे काही बरेवाईट झाले तर या खोलीतल्या सामानाचे काय व्हावे, हे ठरवणे हाच या कागदाचा मुख्य हेतू होता. सुया, क्रोशे, लोकरीचे गुंडे, उसवायचे राहिलेले स्वेटर हे सर्व माझ्या नावावर होते. ते मंडळाला द्यावे असे मी लिहायला घेतले. आई चुलीपुढे बसली होती. तिला वाचून दाखवले. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, "मेलेल्या बाईची लोकर कोण घालंल लेकराला?"

ते खरे होते. मी गेले तर हे सगळे मेलेल्या बाईचे होईल. मृत्युपत्राने दिलेल्या लोकरीचे टोपरे कोणतीही बाळंतीण घेणार नाही, आणि मला तिला दोष देता येणार नाही. म्हणून कलम ४ खाली मी काहीही देत नाही.

५. मला आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती द्यावी. अंगावर नवी शाल घालू नये. काकांनी खांदा द्यायचा म्हटला तर देऊ द्यावा. त्यांच्या खोलीत मी दोन वर्षे बसले आहे.

६. कलम ४ मधील सामानाबाबत कोणी वाद घालू नये म्हणून नोंदवते, की काल, मी जिवंत असताना, सर्व सुया, क्रोशे, लोकर आणि माझ्या अंगावरचा उसवलेला स्वेटर मी पारूबाईला तिच्या अंगणात नेऊन दिला. हळदकुंकू लावून, तिच्या ओटीत घातला. खोलीची किल्ली काकांना परत केली. मंडळ आता त्या अंगणात बसते. काल सगळ्या जणी आल्या नाहीत. काकू आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांनी माझ्यासमोर पहिले टोपरे पुरे केले आणि पारूबाई ते लगेच माळावर घेऊन गेली.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. या दोघांना या कागदाने काही मिळत नाही.

सही : महानंदा वीरण्णा येरटे

साक्षीदार :
१. शेषेराव माणिकराव भोसगे, मुख्याध्यापक
२. व्यंकट निवृत्ती सोळुंके, पोस्टमन

ठिकाण : शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर
दिनांक : २७ जानेवारी १९८६